गच्ची तापते, घर भाजतं: छताच्या गारव्याबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात छतावर बसवायच्या गार पॅनलबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे वीज न लागणारी, पंखा नाही पंप नाही अशी, उन्हात पडून राहूनही गार राहणारी पॅनल्स. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत कारण या विषयात गाव कोणतं यावर निम्मं उत्तर ठरतं.

अकोल्याहून एक वाचक: ताई नमस्कार. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, वर डायरेक्ट स्लॅब. मे महिन्यात रात्री अकरालाही छताला हात लावला तर गरम लागतं, कूलर नुसती गरम हवा फिरवतो. एका प्रदर्शनात एक जण पॅनल दाखवत होता, म्हणे भर उन्हात हे आजूबाजूच्या हवेपेक्षा गार राहतं आणि वीज शून्य. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला काका असं होऊच शकत नाही, उष्णता कुठेतरी जायला पाहिजे ना. खरं काय समजायचं?

पुतण्या अगदी मुद्द्याचं विचारतोय. उष्णता कुठेतरी जायलाच हवी, आणि ती जाते सरळ वर, आकाशात. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून, तुम्ही, मी, तुमचा स्लॅब, दारातला माठ, सगळेच. ३० अंशाला असलेलं छत दर चौरस मीटरमागे साधारण ४५० वॅट वर टाकतं. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातलं बरंचसं परत खाली पाठवतात, पण ८ ते १३ मायक्रोमीटर एवढी लांबी असलेल्या लहरींच्या एका पट्ट्यात हवा बऱ्यापैकी आरपार असते, आणि तेवढ्या फटीतून आपल्या छताची उष्णता थेट अवकाशात निसटते, जिथे तापमान उणे २७० अंशाच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर रोज एक प्रचंड थंड जागा उघडी असते, आपण तिचा वापर करत नाही एवढंच.

आता हे पुस्तकी वाटत असेल तर आठवून बघा, लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा पहाटे चादर गार आणि दमट लागायची की नाही? थंडीत उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर दव साचतं आणि शेजारीच झाडाखाली लावलेली गाडी कोरडी असते, हवा तर दोघींना एकच. फरक इतकाच की एकीला आकाश दिसतं, दुसरीला फांद्या दिसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठून पांढरे हिमकण होतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, तेव्हा वेधशाळेत मोजलेलं हवेचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. गवताची पात आकाशाला उष्णता देऊन देऊन हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावरचं दव गोठतं.

आणि यावर आपल्या देशात धंदा चालत होता हो. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फाबद्दल लिहून ठेवलंय. मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाला ऊसाची आणि मक्याची वाळलेली धाटं जाड पसरायची म्हणजे जमिनीची ऊब वर येणार नाही, त्यावर मातीच्या उथळ ताटल्या ओळीनं मांडायच्या, दिवे लागणीला त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. वारा सुटला किंवा ढग आले की बर्फ नाही. अख्ख्या हिवाळ्यात तिथल्या तळ्यांवर कधी बर्फ दिसत नव्हता पण ताटल्यांमध्ये धरत होता. थोडा वाटा पाण्याच्या बाष्पीभवनाचा, बाकीचा आकाशाचा. ते करणाऱ्या कामगारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण आजच्या पॅनलची मूळ युक्ती त्यांच्याच हातात होती.

मग अडलं कुठे तर दिवसा. भर दुपारी सूर्य दर चौरस मीटरला हजारेक वॅट ओततो आणि आकाशाकडे जाणारी निव्वळ उष्णता कोरड्या हवेतसुद्धा ५० ते १०० वॅट. म्हणजे पृष्ठभागानं उन्हातला फक्त दहावा हिस्सा जरी शोषला तरी सगळी कमाई गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच कामाला येणार आहे. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आश्वथ रामन, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित सोडवलं. चांदीच्या थरावर हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे मिळून सात अतिपातळ थर, असा पृष्ठभाग की जो ९७ टक्के ऊन परत फेकतो आणि त्याच वेळी वर सांगितलेल्या फटीतून उष्णता जोरात बाहेर सोडतो. भर उन्हात तो हवेपेक्षा ४.९ अंश गार राहिला आणि दर चौरस मीटरला ४०.१ वॅट गारवा मिळाला. हे रामन लहानपणी कॅनडातून दर उन्हाळ्यात मुंबईला आजीआजोबांकडे यायचे आणि त्या घरी एसी नव्हता, खूप विनवण्या करूनही आजीआजोबांनी तो बसवला नाही, असं त्यांनी आपल्या भाषणात सांगितलंय. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, तो उकाडा ज्यानं अंगावर घेतला त्यालाच हे सुचावं.

तेव्हा काका, पुतण्याला सांगा की पॅनलवाला थापा मारत नव्हता. पण एक गोष्ट त्यानं सांगितली नसेल. अकोल्यात मेमध्ये हवाच ४५ असते, तिच्यापेक्षा ५ अंश कमी म्हणजे ४०. चाळीसच्या छताखाली कुणाला हुडहुडी भरत नाही. खरा फायदा आहे तो तुमच्या आत्ताच्या स्लॅबशी तुलना केली की, कारण काळपट कोबा दुपारी ६० च्या पुढे जातो. साठवरून चाळीसवर येणं ही साधी गोष्ट नाही. साध्या ६ इंची स्लॅबमधून ढोबळमानानं प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला साडेतीन वॅट खाली उतरतात, वीस अंशांचे झाले ७० वॅट. ५० चौरस मीटरच्या छताला ३५०० वॅट, आणि एक टनाचा एसी बरोबर इतकीच उष्णता बाहेर काढतो. काँक्रीट उष्णता धरून ठेवतं आणि चार-पाच तासांनी सोडतं म्हणून दुपारी दोनचं ऊन तुम्हाला संध्याकाळी सातला खोलीत भेटतं, आणि मग अकरापर्यंत मुक्काम.

पुतण्याला अजून पटलं नाही तर येत्या डिसेंबरात एक प्रयोग करायला सांगा, आमच्याकडे मुलांनी केलाय. स्टीलच्या दोन सारख्या ताटल्यांना बाहेरून पांढरा रंग द्यायचा, थर्माकोलच्या तुकड्यावर पालथ्या ठेवायच्या, एक गच्चीवर उघडी आणि दुसरी तिथेच टेबलाखाली. सकाळी सहाला जाऊन बोट फिरवायचं. उघडीवर बोटाची रेघ उमटते इतकं पाणी होतं, टेबलाखालची कोरडी ठाक. टेबलाच्या फळीनं आकाश झाकलं होतं, बाकी काही नाही.

जालन्याहून एक शिक्षिका: पॅनल आम्हाला परवडणार नाही. आमच्याकडे दर मार्चमध्ये गच्चीला चुना मारतात. पॅनल आणि चुना यात नेमका फरक किती? की आम्ही उगाच वाईट वाटून घेतोय?

अजिबात वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही निम्म्याहून जास्त लढाई जिंकलेलीच आहात. छत गार राहायला दोन गुण लागतात, ऊन परत फेकणं आणि स्वतःची उष्णता बाहेर सोडणं. दुसरा गुण चुन्यात, सिमेंटमध्ये, विटेत, मातीत, रंगात, सगळ्यात भरपूर आहे, शंभरातले नव्वदच्या आसपास, त्यासाठी काहीही विकत आणायची गरज नाही. खरं भांडण पहिल्या गुणाचं. जुना काळवंडलेला कोबा उन्हातला तीसेक टक्के भाग परत फेकतो, ताजा चांगला चुना किंवा पांढरा कूल रूफ पेंट ८० च्या आसपास, आणि पॅनल ९५ च्या वर. मघाचा आकडा लावा. चुन्याचं छत हजारातले २०० वॅट शोषतं म्हणजे भर दुपारी ते हवेपेक्षा थोडं गरमच असणार, पण उघडा कोबा ७०० शोषतो. सातशेचे दोनशे तुम्ही जवळजवळ फुकटात केलेत. दोनशेचे तीस-चाळीस करायला पॅनलवाला एवढे पैसे मागतो. सूर्य बुडाल्यावर तर तुमची चुन्याची गच्ची आणि त्याचं पॅनल यांच्यात फारसा फरक उरत नाही, दोघं आकाशाला सारखीच उष्णता देतात.

मधली एक वाटही आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या श्युलिन रुआन यांच्या गटानं २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा एक रंग केला जो ९८.१ टक्के ऊन परत फेकतो आणि उन्हात हवेपेक्षा गार राहतो. बेरियम सल्फेट म्हणजे पोटाच्या एक्स-रेआधी ते पांढरं पातळ पाजतात ना, तेच. साध्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते अल्ट्राव्हायोलेट भाग शोषून घेतं म्हणून तो रंग एका मर्यादेपुढे जात नाही.

चुना मारताना मात्र काळजी घ्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा, तो उकळतो आणि उडतो म्हणून मुलं लांब आणि डोळ्याला चष्मा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा, थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. गच्ची आधी घासून धुवा, आणि हे बरेच जण चुकतात, चुना ओलसर गच्चीवर आणि सकाळी किंवा उन्हं कलल्यावर मारा, तापलेल्या कोरड्या कोब्यावर मारलेला पोपडे धरून निघतो. पातळ दोन हात एका जाड हातापेक्षा चांगले. पावसाळ्यात तो धुऊन जाणार हे गृहीत धरा, दरवर्षी करायचं काम आहे. जरा खर्च करायची तयारी झाली तर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझाइक करा, वॉटरप्रूफिंगही होतं आणि झाडू मारला की परत पांढरं.

चंद्रपूरहून, घरी शिलाईकाम करणाऱ्या एक ताई: आमचं घर पत्र्याचं. दुपारी मशीनवर बसवत नाही, डोकं दुखतं. पत्रा तर चकचकीत आहे, मग तो ऊन परत का फेकत नाही? आणि पॅनल पत्र्यावर बसतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ तशीच बसले, कारण चंद्रपूरचा मे आणि वर पत्रा याला तोंड देत रोजचं काम करणं हे कुणी करू नये असं काम आहे आणि लाखो बायका ते करतायत.

चकचकीत पत्रा नवा असताना ऊन बऱ्यापैकी परत फेकतो हे खरंय. पण धातूची अडचण वेगळी आहे, तो दुसऱ्या गुणात नापास आहे. जे थोडं ऊन शोषलं जातं त्याची उष्णता धातू वर सोडतच नाही, कंजुषासारखी धरून ठेवतो आणि तापत जातो. म्हणून उन्हातला उघडा पत्रा हाताला चटका देतो. त्यालाच पांढरा रंग दिला की रंगाचा थर ऊनही फेकतो आणि उष्णताही सोडतो, दोन्ही कामं होतात. तेव्हा पॅनलचा विचार आत्ता करू नका, आधी पत्र्याला कूल रूफचा पांढरा रंग द्या. पत्रा धुऊन, गंज असेल तिथे पॉलिश पेपर मारून, खाली मेटल प्रायमर, मग दोन हात. घरमालकाला विचारायचं असेल तर मार्चच्या आत विचारा, एप्रिलमध्ये पत्र्यावर चढून काम करणाऱ्याचेही हाल होतात. आणि चढणाऱ्यानं पाय खिळ्याच्या ओळीवर म्हणजे खाली जिथे पाइप आहे तिथेच ठेवायचा, मध्ये नाही.

आतून मात्र उलटं करायचं. पत्र्याखाली चार-सहा बोटं जागा सोडून चंदेरी फॉइल लावलेलं बबल शीट ताणून बांधा. बाहेर जो दुर्गुण होता, उष्णता न सोडण्याचा, तोच आत कामाला येतो, पत्र्याची धग फॉइलपाशी अडते आणि खाली तुमच्या डोक्यावर येत नाही. मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना फट ठेवा. बाहेर पांढरं, आत चंदेरी, हे लक्षात ठेवलंत तरी पुरे. रंगवलेला पत्रा थंडीत पहाटे इतका गार होतो की आतून दव टपकतं, तेही या शीटमुळे थांबतं.

अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं २०२३ ते २०२८ असं पाच वर्षांचं कूल रूफ धोरण आणलंय, सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना सक्ती, २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतांचं लक्ष्य. तुमचं चंद्रपूर त्या राज्याच्या हद्दीपासून काही तासांवर आहे. तिकडे जे होतंय ते आपल्या वॉर्डात का होऊ नये हे नगरसेवकाला विचाराच, एकटीनं नाही, वस्तीतल्या दहा जणी मिळून जा.

रत्नागिरीहून: कोकणात हे पॅनल चालेल का?

कमी चालेल. हवेतली वाफ आकाशाकडची ती फट बुजवते, म्हणजे आकाश उष्णता घेतं त्यापेक्षा थोडीच कमी परत देतं. समुद्रकाठी एप्रिल-मेमध्ये घामच वाळत नाही इतकी वाफ, आणि जूनपासून ढग. शिवाय पांढऱ्या पृष्ठभागावर पहिल्या पावसातच शेवाळ धरतं. तुमच्याकडे उतरती कौलं, खाली माळा आणि वारा खेळता ठेवणं हेच उत्तर आहे. स्लॅबचं घर असेल तर पांढरा रंग जरूर द्या, ऊन परत फेकायला वाफ आड येत नाही, तो फायदा रत्नागिरीलाही तेवढाच मिळतो.

नागपूरहून एक निवृत्त वाचक: गच्चीवर जागा एकच, त्यात सोलर बसवू की गार पॅनल? दोन्हीचे एजंट येऊन गेले.

सोलर बसवा. कारणं सांगते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, गार पॅनलला असं काही नाही. आणि सोलर पॅनल स्लॅबपासून वर उचलून बसवतात म्हणजे त्याखालचा भाग आपोआप सावलीत येतो. फक्त स्टँड फूटभर तरी उंच ठेवायला सांगा, अगदी चिकटून बसवलं तर खालची गरम हवा अडकते आणि पॅनलची वीजही घटते, कारण ते तापलं की कमी वीज देतं. सोलरखाली आणि उरलेल्या मोकळ्या जागेत पांढरा रंग. मी हे आमच्याच गच्चीवर केलंय, आधी स्टँड बसवला आणि रंगाचं मागाहून सुचलं, मग रंगाऱ्याला स्टँडखाली आडवं पडून ब्रश मारावा लागला, त्याची मान धरली बिचाऱ्याची. तुम्ही क्रम चुकवू नका.

एक मात्र सांगते, सावली ही दुपारी मित्र आणि रात्री अडथळा असते. सोलरखालच्या स्लॅबला आकाश दिसत नाही, त्यामुळे तो रात्री उघड्या गच्चीइतका गार होत नाही. तरी दुपारचा फायदा मोठा आहे, हिशोब सोलरच्याच बाजूनं जातो.

निफाडहून: आमच्याकडे थंडीत पारा खूप उतरतो, बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. असं छत केलं तर थंडीत घर गारठणार नाही का?

गारठेल, थोडं. पॅनल असो की चुना, त्याला ऋतू कळत नाही, ते डिसेंबरातही उष्णता वर पाठवतच राहतं. तुमच्या बागेत स्वच्छ शांत रात्री जे द्राक्षाच्या घडाला होतं तेच छताला होतं. पण आपल्याकडे थंडीचे कडाक्याचे दिवस मोजके आणि उन्हाळा चार महिन्यांचा, शिवाय आपण घर तापवायला वीज जाळत नाही, गोधडी घेतो. म्हणून एकूण हिशोब फायद्यातच राहतो.

हॅरोल्ड हे नावाच्या अमेरिकन माणसानं यावर फार सुंदर उपाय काढला होता. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात अटास्काडेरोला त्यांनी एक घर उभं केलं, छतावर प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरून पसरलेलं आणि त्यावर सरकती झाकणं. उन्हाळ्यात दिवसा झाकण बंद आणि रात्री उघडं, म्हणजे पाणी आकाशाखाली गार होतं आणि दिवसभर घराची उष्णता पितं. हिवाळ्यात उलट, दिवसा उघडं ऊन खायला आणि रात्री बंद. तुम्ही एवढं करू नका पण दक्षिणेकडच्या खिडकीतून हिवाळ्याचं ऊन आत येऊ द्या, तेवढ्यानं भागतं. आणि नवं घर बांधत असाल तर छतावर इन्सुलेशनचा थर आत्ताच टाका, केंद्राच्या इको निवास संहितेत २०१८ पासून छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशामागे चौरस मीटरला किती वॅट आत उतरतात तो आकडा, १.२ पेक्षा जास्त नको असं सांगितलंय, साधा स्लॅब त्याच्या तिपटीच्या आसपास जातो. पालथी मडकी मांडून वर कोबा करायची जुनी रीत आहे तीही चालते. आपल्याकडची माळवदाची घरं आठवा, लाकडी सरांवर हात-दीड हात माती, वर पांढरी माती दाबलेली, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. इन्सुलेशन चांगलं असलं की मग वर पॅनल लावण्यानं फार फरक पडत नाही, उष्णता तशीही खाली येत नसते.

तासगावहून, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असलेले एक वाचक: घरांचं सगळे विचारतील. माझं लाइट बिल बघून झोप उडते. आमच्या धंद्यात या पॅनलचा उपयोग आहे का, आणि विकणाऱ्याला काय विचारायचं?

दादा, खरं सांगू का, ही पॅनल्स मला घरापेक्षा तुमच्याकडे जास्त शोभतील असं वाटतं. घरात पॅनल हवेपेक्षा पाच अंश गार राहून भागत नाही हे वर अकोल्याच्या काकांना सांगितलंच. पण कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर उष्णता बाहेर टाकतो ती कंडेन्सरमधून, आणि कंडेन्सर जितका गार तितका कॉम्प्रेसरचा भार हलका. ढोबळ हिशोब असा की कंडेन्सिंग तापमान एक अंश उतरलं की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्के वाचते. म्हणून पॅनलच्या पाठीला पाइप लावतात, त्यातून पाणी फिरवतात आणि ते पाणी कंडेन्सरमागे रेफ्रिजरंट, म्हणजे यंत्रात उष्णता वाहून नेणारा द्रव, आणखी गार करायला वापरतात. इथे पंप लागतो, म्हणजे वीज अगदी शून्य नाही, पण कॉम्प्रेसरपुढे ती किरकोळ. स्टॅनफर्डच्याच गटानं २०१७ मध्ये असे पॅनल वापरून पाणी हवेपेक्षा ५ अंशांपर्यंत गार करून दाखवलं आणि लास वेगाससारख्या कोरड्या शहरातल्या दोन मजली ऑफिससाठी कॉम्प्युटरवर हिशोब मांडला तर उन्हाळ्यात कूलिंगची २१ टक्के वीज वाचत होती. लास वेगास वाळवंटात आहे, तासगाव नाही, तेव्हा २१ चा आकडा तसाच्या तसा धरू नका. पण तुमच्याकडेही फेब्रुवारी ते मे हवा कोरडी असते, बेदाणा वाळतो तो त्याच हवेवर, आणि नेमका तेव्हाच तुमचा माल आत येतो. पाण्याची टंचाई असलेल्या भागात आणखी एक जमेची बाजू, कूलिंग टॉवरसारखं पाणी उडून जात नाही.

जागेचा हिशोब मात्र आधी करा. चौरस मीटरला ४० वॅट धरले तर एक टन गारव्याला जवळपास ८८ चौरस मीटर, म्हणजे साडेनऊशे चौरस फूट छत लागतं. तुमच्या शेडवर जागा आहे, फ्लॅटवाल्याकडे नाही.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा की नव्या पॅनलचे आकडे राहू द्या, तीन वर्षं धूळ खाल्लेल्याचे दाखवा. किती ऊन परत फेकतं आणि किती उष्णता सोडतं, दोन्ही आकडे, प्रयोगशाळेच्या कागदावर. धुळीनं पाच टक्के जरी मार खाल्ला तरी चौरस मीटरला ५० वॅट गेले, म्हणजे सगळी कमाई गेली, तेव्हा कोण धुणार, किती दिवसांनी, पाणी कुठून आणणार हे करारात लिहून घ्या. दुसरं, ते जे 'हवेपेक्षा इतकं गार' म्हणतायत ते कुठे मोजलंय, उघड्यावर की वरून प्लास्टिकचं पारदर्शक आवरण घालून, कारण आपल्या उन्हाळ्यातला गरम वारा गार पृष्ठभागाला लगेच परत तापवतो, जितका वारा तितका गारवा कमी. गारपिटीत पॅनलवरची फिल्म फाटली तर बदलून मिळेल का हेही विचारा, तुमच्या भागात ती काही नवी नाही.

आणि सगळं छत एकदम देऊ नका. एका कंडेन्सरपुरतं बसवा, त्याला वेगळा मीटर लावा, शेजारचं तसंच दुसरं युनिट जुन्या पद्धतीनं चालू ठेवा आणि फेब्रुवारी ते मे दोघांचे युनिट रोज संध्याकाळी वहीत लिहा. जूनमध्ये ती वही मला पाठवा, पुढच्या उन्हाळ्याच्या अंकात आपण ती इथे छापू, आकडे चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.